पिवळी पूड, जांभळे डाग

१८६४ साली मुंबईतले औषधविक्रेते डी. एस. केम्प यांनी लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये एका पुडीविषयी छोटंसं टिपण छापून आणलं. पूड मुंबईत गोव्याहून येई, म्हणून तिला ‘गोवा पावडर’ म्हणत. गजकर्णावर तिचा गुण येतो हे लोकांना ठाऊक होतं. ती कशापासून होते हे मात्र विकणारे सांगत नसत, आणि बहुधा त्यांनाही ते माहीत नसावं. केम्प हे आडनाव मुंबईकरांच्या तोंडी आजही आहे. केम्प अँड कंपनीच्या औषधाच्या दुकानावरूनच केम्प्स कॉर्नर हे नाव पडलं.

त्या टिपणाची फार चर्चा झाली नाही. पण आज सोरायसिससाठी मिळणाऱ्या एका जेलच्या ट्यूबवर ‘डिथ्रॅनॉल’ असं नाव वाचायला मिळतं, त्याचं कूळ या पुडीपर्यंत पोचतं. केम्प यांच्या टिपणानंतर बारा वर्षांतच तिचा खरा उपयोग वैद्यकाच्या हाती लागला. ती कशात कालवून लावायची, हा प्रश्न सुटायला मात्र सव्वाशे वर्षं गेली.

पूड मुळात गोव्याची नव्हतीच. ब्राझीलमध्ये बाइया प्रांताच्या दमट जंगलात अरारोबा नावाचा एक उंच शेंगावर्गीय वृक्ष होतो. झाड म्हातारं झालं की खोडातल्या भेगांमध्ये आणि पोकळ्यांमध्ये पिवळी भुकटी साठते. ती काढण्यासाठी झाड पाडायचं, ओंडके करायचे, ते उभे चिरायचे आणि कुऱ्हाडीच्या पात्याने भुकटी खरवडायची. ताजी असताना ती फिकट पिवळी असते, हवा लागली की तपकिरी आणि पुढे जांभळट होत जाते. खरवडणाऱ्या मजुरांचे डोळे लाल होत, चेहरा सुजे. एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत ही गोष्ट जाता जाता नोंदलेली दिसते. पुढे या पुडीने जे जे त्रास दिले त्यांची वर्दी त्या मजुरांच्या चेहऱ्यांवर आधीच लिहिलेली होती.

बाइयाहून गोव्याला येणं त्या काळी फार आडवळणाचं नव्हतं. बाइयाचं साल्वादोर हे शहर १५४९ पासून १७६३ पर्यंत पोर्तुगीज ब्राझीलची राजधानी होतं, आणि लिस्बन-गोवा मार्गावरची जहाजं तिथे थांबत. बाइयाची तंबाखू गोव्यात विकली जाई. काजूही ब्राझीलचाच, तो पोर्तुगीजांबरोबर आला आणि कोकणचाच होऊन बसला. ही पूड जेझुइट पाद्र्यांनी आणली असं सांगतात.

आणली कोणीही असो, तिला इथे गिऱ्हाईक तयार होतं. चार महिने पाऊस, अंगावर वाळणारे ओले कपडे, काखेत आणि जांघेत साचणारा घाम. कोकण किनाऱ्यावर गजकर्ण हा घरोघरचा पाहुणा. त्यावर टाकळ्याचं बी वाटून लावायची पद्धत जुनीच होती. गंमत अशी की टाकळ्याच्या बियांत आणि अरारोबाच्या पुडीत रासायनिकदृष्ट्या एकाच घराण्यातली द्रव्यं आहेत. दूरदेशची पूड एवढीच वेगळी, की तिच्यात ही द्रव्यं ठासून भरलेली होती, अर्ध्याहून अधिक. लावायची रीतही घरगुती: लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये पूड कालवून लेप करायचा आणि चट्ट्यावर चोळायचा.

१८७४ साली सर जोसेफ फेअरर यांनी गजकर्णावरच्या गोवा पावडरीबद्दल लंडनच्या ‘मेडिकल टाइम्स अँड गॅझेट’मध्ये लिहिलं. फेअरर कलकत्त्यातले नामांकित शल्यचिकित्सक. भारतातल्या विषारी सापांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ दोनच वर्षांपूर्वी निघाला होता, त्यामुळे त्यांचं लिहिणं वाचलं जाई. ते वाचणाऱ्यांत साल्वादोरचे एक डॉक्टर होते, दा सिल्वा लिमा. त्यांनी कळवलं की ज्या गूढ भारतीय औषधाची तुम्ही तारीफ करता ते आमच्या जंगलातलं अरारोबा आहे, आणि आमचे लोक ते कधीपासून वापरतात. बाइयाहून गोवा, गोव्याहून मुंबई, तिथून कलकत्ता आणि लंडन असं फिरून पुडीची बातमी आपल्या जन्मगावी परतली. साम्राज्यांच्या काळात ज्ञान बरेचदा असंच फिरे. ज्या मातीतून ते उगवलं त्या मातीचं नाव त्याला सगळ्यांत शेवटी मिळे.

१८७५ साली जॉन अॅटफील्ड या रसायनशास्त्रज्ञाने पुडीचं विश्लेषण केलं आणि तिचा मोठा भाग क्रायसोफॅनिक आम्ल असल्याचं जाहीर केलं. ते पुरतं बरोबर नव्हतं. १८७८ मध्ये लीबरमान आणि झायडलर या जर्मन शास्त्रज्ञांनी मूळ द्रव्य निराळं असल्याचं दाखवलं आणि त्याला क्रायसारोबिन म्हटलं. पण दरम्यानच्या तीन वर्षांत खरी गोष्ट घडून गेली होती, आणि ती घडली एका गफलतीतून.

बाल्मानो स्क्वायर हे लंडनमधले त्वचारोगांचे शल्यचिकित्सक. त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या अंगावर सोरायसिसचे चट्टे होते. ते गजकर्ण आहे अशा समजुतीने त्याने गोवा पावडर लावली होती, असं सांगितलं जातं. सोरायसिस बुरशीचा आजार नाही, त्यामुळे बुरशीच्या औषधाने तो हटायचं कारण नव्हतं. पण चट्टे ओसरले होते. स्क्वायरनी योगायोग म्हणून ते सोडून दिलं नाही. १८७६ मध्ये त्यांनी सोरायसिसवरच्या क्रायसोफॅनिक आम्लाच्या मलमाविषयी लिहिलं आणि १८७८ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच काढलं.

याचं मोल समजायला त्या काळचा सोरायसिस आठवावा लागतो. कोपरांवर, गुडघ्यांवर, डोक्यात लाल उंचवटे, त्यांवर चंदेरी पापुद्रे, खाजवलं तर रक्ताचे बारीक ठिपके. निरोगी कातडीचा वरचा थर साधारण महिन्याभरात नवा होतो, सोरायसिसच्या चट्ट्यात तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. पेशी पिकायच्या आत वर ढकलल्या जातात आणि त्यांचे ढीग साचतात. यामागे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने स्वतःच पेटवलेला दाह असतो, हे फार पुढे कळलं. युरोपात शतकानुशतकं या रोग्यांना कुष्ठरोग्यांत मोजत. वियेनाच्या हेब्रांनी १८४१ मध्ये हे दोन आजार निर्विवादपणे वेगळे केले. उपचार म्हणजे डांबर आणि पोटात घ्यायचा सोमल. अशा वेळी चट्टे खरोखर पुसून टाकणारं मलम ही मोठीच बातमी होती.

फक्त ते लावून घेणं ही शिक्षा होती. डुकराच्या चरबीत घोटलेलं क्रायसारोबिन चट्ट्यावर लावलं की ते पसरून शेजारच्या चांगल्या कातडीवर जाई आणि तिची आग आग होई. बोट डोळ्याला लागलं तर डोळे येत. अंगावर तपकिरी-जांभळे डाग पडत. कपडे, चादरी, उशांचे अभ्रे यांवरचे डाग साबणाने धुवायला गेलं की अल्कलीशी गाठ पडून आणखी गडद होत. रोग बरा होत असताना रुग्ण रोगापेक्षा वाईट दिसे. विवाहयोग्य मुलीच्या घरात असं मलम कोणी आणून ठेवेल का?

मग धडपड सुरू झाली ती औषध जागच्या जागी धरून ठेवणारा आधार शोधण्याची. गट्टा-पर्चा नावाचा झाडाचा चीक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून त्यात क्रायसारोबिन मिसळायचं आणि ब्रशने चट्ट्यावर लावायचं. क्लोरोफॉर्म उडून जाई आणि मागे पातळ पापुद्रा राही. बर्लिनच्या लासार यांनी पेट्रोलियम जेलीत झिंक ऑक्साइड आणि स्टार्च घालून घट्ट पेस्ट बनवली. ती जिथे लावली तिथेच बसे. हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्ना यांनी जिलेटिन, ग्लिसरीन, पाणी आणि झिंक ऑक्साइड शिजवून एक लगदा केला, जो कोमट असताना पसरवता येई आणि थंड झाला की रबरासारखा आवळून बसे. कातडीसाठी मुद्दाम बनवलेल्या जेलच्या वंशावळीत त्याला पूर्वजाचा मान द्यायला हरकत नाही. पायाच्या न भरणाऱ्या जखमांसाठी त्याचा ‘उन्ना बूट’ अजून बांधतात.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि समुद्र बंद झाले. ब्राझीलची पूड जर्मनीत पोचेना. बायर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मग क्रायसारोबिनची नक्कल प्रयोगशाळेत केली, आणि करताना रेणूतला एक मिथाइल गट गाळला. १९१६ मध्ये ड्रेस्डेनच्या गालेवस्की यांनी आणि उन्ना यांनी या ‘सिग्नोलिन’चे अनुभव छापले. बदली म्हणून आलेलं हे द्रव्य मुळापेक्षा जोरकस निघालं. त्याचंच आजचं नाव डिथ्रॅनॉल. अरारोबाची झाडं पाडायची गरज सरली, आणि गोव्याचं नाव औषधांच्या यादीतून हळूहळू पुसलं गेलं. डाग आणि आग मात्र नव्या द्रव्यानेही इमानेइतबारे चालू ठेवली.

म्हणूनच १९५३ साली लीड्सच्या जॉन इंग्राम यांनी जी पद्धत घालून दिली ती घरी करायची नव्हतीच. रोज डांबरमिश्रित पाण्याने आंघोळ, मग अतिनील किरण, मग लासारच्या पेस्टमध्ये अगदी थोडं डिथ्रॅनॉल घालून प्रत्येक चट्ट्यावर नेमकं लावायचं, वर पावडर आणि बँडेज. दुसऱ्या दिवशी सगळं पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. परिचारिकांचे तासन्‌तास त्यात जात. काही आठवड्यांत कातडी स्वच्छ होई आणि बरेच महिने तशी राही. पण त्यासाठी इस्पितळात खाट लागे.

खाट अडवायची गरज संपवणारं औषध त्याआधीच, १९५२ मध्ये, अवतरलं होतं. न्यूयॉर्कच्या सुल्झबर्गर आणि विटन यांनी हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावून दाह शमवता येतो हे दाखवलं. पुढच्या दोन दशकांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल अशी चढत्या ताकदीची स्टेरॉइड आली. पांढरं, बिनवासाचं, डाग न पाडणारं क्रीम. दोन-तीन दिवसांत लाली उतरते. डिथ्रॅनॉलची बाजू यापुढे लंगडी पडणारच होती. स्टेरॉइडचा हिशेब नंतर येतो: कातडी पातळ होते, रेघा पडतात, सोडलं की रोग उसळून येतो. पण पहिल्या आठवड्यात हे कोणाला दिसतं?

जेल या प्रकाराला खरा जोर आला तो १९५० च्या दशकात, अमेरिकेतल्या बी. एफ. गुडरिच या टायरवाल्या कंपनीने बाजारात आणलेल्या कार्बोपॉलमुळे. हे अॅक्रिलिक आम्लाचं बहुवारिक. पाण्यात टाकलं की त्याच्या साखळ्या गुंडाळ्या होऊन पडून राहतात. त्यात थोडा अल्कली, बहुधा ट्रायइथेनॉलअमाइन, घातला की साखळ्यांवर ऋण भार येतो, त्या एकमेकींना दूर ढकलतात, उलगडतात, आणि भांड्यातलं पाणी डोळ्यांदेखत काचेसारखं घट्ट होतं. शेकड्याला एक भागही पुरतो. चरबी नाही, चिकटपणा नाही, धुतलं की जातं, डोक्याच्या केसांतही लावता येतं. उष्ण प्रदेशातल्या घामेजल्या अंगाला मलमापेक्षा हे केव्हाही बरं.

पण डिथ्रॅनॉलला हे घर सोसत नव्हतं. ते पाण्यात विरघळत नाही, हवेत आणि अल्कलीत झटकन ऑक्सिडीकरण होऊन निकामी आणि तपकिरी होतं. ज्या ट्रायइथेनॉलअमाइनने जेल जमतं तेच डिथ्रॅनॉलचा घात करतं. इतकं, की १९९० च्या सुमारास ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी डिथ्रॅनॉल पुसून काढल्यानंतर कातडीवर ट्रायइथेनॉलअमाइन लावून आग थांबवण्याचा उपाय तपासला, आणि तो लागू पडला. औषध बनवणाऱ्याचा शत्रू रुग्णाचा मित्र ठरला.

दोन वाटांनी ही कोंडी फुटली. पहिली वाट घड्याळाची. १९८० मध्ये शेफर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डिथ्रॅनॉल चोवीस तास ठेवायची गरज नाही. रोगट कातडीचा वरचा थर विस्कटलेला असल्याने औषध तिथून लवकर शिरतं, निरोगी कातडीतून सावकाश. तेव्हा अर्धा-एक तास ठेवून धुऊन टाकलं तरी चट्ट्याला हवं ते मिळतं. इतकी साधी गोष्ट सुचायला शंभर वर्षं लागावीत याचं नवल वाटतं, पण ‘जास्त वेळ म्हणजे जास्त गुण’ ही समजूत वैद्यांच्याही डोक्यातून सहज जात नाही.

दुसरी वाट लिपोसोमची. केंब्रिजजवळ बाब्रॅहम इथे अॅलेक बँगहॅम यांनी १९६० च्या दशकात पाहिलं की फॉस्फोलिपिड पाण्यात आपोआप सूक्ष्म पिशव्या करतात, पेशीच्या आवरणासारखाच दुहेरी पडदा असलेल्या. १९८० मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सचे मायकेल मेझेई यांनी अशा पिशव्यांत स्टेरॉइड भरून सशांच्या कातडीवर लावलं, तेव्हा नेहमीच्या मलमापेक्षा बाह्यत्वचेत ते कितीतरी जास्त साठलं. पाण्याला घाबरणाऱ्या डिथ्रॅनॉलला पडद्याच्या स्निग्ध थरात बसवलं तर ते पाणीदार जेलमध्येही सुरक्षित राहील, हा विचार त्यानंतर नैसर्गिकच होता.

तो तडीस नेला भारतात. चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या ओ. पी. कटारे यांच्या गटाने डिथ्रॅनॉलचं लिपोसोमल जेल बनवलं. त्यात औषध होतं अर्धा टक्का. इथल्या बाजारातल्या नेहमीच्या मलमात ते १.१५ टक्के, सोबत डांबर आणि सॅलिसिलिक आम्ल. चंडीगडच्याच पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते रुग्णांवर तपासलं. प्राथमिक निष्कर्ष २००२ मध्ये, आणि औषध नसलेल्या जेलशी तुलना करणारी द्विअंध चाचणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. चट्टे कमी झाले, आग आणि डाग नाममात्र राहिले. हे जेल बाजारातही आलं. स्क्वायरच्या पुस्तकानंतर जवळपास सव्वाशे वर्षांनी क्रायसारोबिनच्या वारसाला पांढऱ्या चादरीवर झोपायची परवानगी मिळाली.

या यशाची सावली आपल्या औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयांवर पडलेली दिसते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणला जाताना चितेगाव, बिडकीन हा पट्टा लागतो. चितेगाव आणि पैठणला औषध कारखाने आहेत, बिडकीनला ऑरिक औद्योगिक नगरीचा मोठा भाग उभा राहतो आहे, आणि या परिसरात बी. फार्म., एम. फार्म. करणारी मुलं पुष्कळ. त्यांच्या प्रकल्पांत जेल हा लाडका विषय. कडुनिंबाचं, हळदीचं, कोरफडीचं, नाहीतर एखाद्या स्टेरॉइडचं नॅनो-जेल. कार्बोपॉल रात्रभर भिजत घालायचं, सकाळी ट्रायइथेनॉलअमाइन थेंबाथेंबाने सोडायचं, सामू बघायचा, ब्रुकफील्ड यंत्रावर श्यानता मोजायची, दोन काचांमध्ये पसरणक्षमता, आणि शेवटी फ्रांझ सेलमध्ये पडद्यातून किती औषध पार जातं त्याचा आलेख. टिकाऊपणा तपासायला चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेची कपाट-यंत्रं लागतात. मराठवाड्यात मे महिन्यात आर्द्रता सोडली तर बाकीची अट खोलीच पुरी करते. याच उन्हात लिपोसोमची नाजूक पिशवी फुटते आणि जेलमध्ये औषध मोकळं पडतं, हे मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात. त्यांचे बहुतेक प्रबंध बांधणी होऊन कपाटात जातात, रुग्णाच्या कातडीपर्यंत फार थोडे पोचतात. तरी मला तो वेळ वाया गेलासा वाटत नाही. औषधाइतकंच त्याचं वाहन महत्त्वाचं, हे हाताने जेल बिघडवल्याशिवाय कळत नाही.

त्याच रस्त्यावरच्या बाजारगावांतल्या मेडिकलमध्ये दुसरीच गोष्ट चालते. गिऱ्हाईक येतं, ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतं, आणि पुष्कळदा हातात पडते ती स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक यांची खिचडी. खाज रात्रीत थांबते. स्टेरॉइडने दाह दबतो, बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. गजकर्ण कडा हरवून अंगभर पसरतं आणि ओळखूही येत नाही. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी या रूपाचं वर्णन १९६८ मध्येच केलं होतं. गेल्या दशकात भारतात ते साथीसारखं फैलावलं. बाहेरून लावायच्या औषधांना अनुसूची ‘एच’च्या चिठ्ठीसक्तीतून मिळणाऱ्या सवलतीचा आडोसा स्टेरॉइडच्या ट्यूबांना होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लावून धरल्यावर मार्च २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइडसाठी ही पळवाट बंद केली. कागदावर. काउंटरवर चिठ्ठी मागणारा दुकानदार अजून शोधावा लागतो.

गजकर्ण की सोरायसिस की इसब, हे ठरवायला डॉक्टरला नखाएवढा कोंडा, काचपट्टी, पोटॅशचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक एवढंच लागतं. बुरशीचे धागे असले तर काही मिनिटांत दिसतात. गजकर्णाची बुरशी १८४० च्या दशकातच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली होती. स्क्वायरच्या त्या रुग्णाची ही तपासणी कोणी वेळेवर केली असती, तर त्याला गोवा पावडर कोणी लावू दिली नसती.